कुठल्याच पिक्चरचं नाही

काल रिक्षात आईची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली, तेव्हा कुठे रिक्षावाल्याने लावलेल्या गाण्याकडे माझं लक्ष गेलं. तिचंच गाणं होतं. तिचं म्हणजे, मागच्या कोरसमध्ये आई आहे.

"भारी पिक्चर होता हा, मावशी," रिक्षावाला म्हणाला. "हिरो डोंगरावर नाचतो बघा."

हे नेहमीचंच. आपल्याकडे गाणं आवडलं की लोक त्याला एक पिक्चर चिकटवतात, वर हिरोही देतात. या गाण्याला हिरो नव्हताच. नुसती एक कॅसेट निघाली होती, आणि तरी त्या वर्षी वरातींत, पानाच्या टपऱ्यांवर, जिकडेतिकडे तीच वाजायची. सिनेमांसाठीही आई पुष्कळ कोरस गायली, पण तिथे तिचं नाव कधी छापून आलं नाही. या कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर मात्र, मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, कोरसमधल्या सहाही बायकांची नावं होती. तो कागद बाबांनी फ्रेम करून लग्नाच्या फोटोशेजारी लावला. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या हातात भिंग द्यायचे.

भाजीवाल्याशीही कधी वाद न घालणारी माझी आई पुढे सरकली आणि म्हणाली, "पिक्चरचं नाही हो हे. आमचं आहे." तेवढ्यात कोरसची जागा आली आणि ती बरोब्बर सुरात शिरली.

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मग हात लांबवून स्पीकरचा आवाज अगदी बारीक केला.

"म्हणा, मावशी," तो म्हणाला.