शून्य का नाही?

शरयूताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवांकासाठी लेख मागणारे पत्र तीनदा आले आणि तिन्ही वेळा मी ते टाळले. अलीकडे लिहिण्याची उमेद राहिलेली नाही. तथापि न लिहिणे हा कृतघ्नपणा ठरेल, म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

ताईंचा आणि माझा परिचय माझी पत्नी विमल हिने घडवून आणला. ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. वर्तकनगरमध्ये एका दवाखान्यामागच्या खोलीत ताई व्यसनमुक्तीचे सल्ला केंद्र चालवीत. तेथे स्वयंसेवक हवे आहेत असे महिला मंडळात कळताच विमल घरी येऊन म्हणाली, "मला शिकवून शिकवून तुमचा घसा बसतो. तिकडे जा, चार माणसांचं तरी भलं होईल." मी डोंबिवलीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. पुढच्याच शनिवारी काळवंडलेल्या यकृताचा रंगीत तक्ता घेऊन मी केंद्रात हजर झालो. ताईंनी तो उलगडून कौतुकाने पाहिला. म्हणाल्या, "सुरेख आहे. आधी माणसाचं ऐकू, मग लागला तर टांगू." तो तक्ता अखेरपर्यंत कपाटामागे गुंडाळलेलाच राहिला.

परदेशातील भाच्याने पाठविलेल्या लेखांवरून ताईंनी आपली पद्धत बसविली होती. दारू का सोडावी हे आपण सांगायचे नाही. ते समोरच्याच्या तोंडून यावे लागते. आपण ते लक्षपूर्वक ऐकायचे आणि त्याचे त्याला परत ऐकवायचे. हे आम्हा सर्वांना उशिरा उमगले. मला सर्वांत उशिरा.

बाळकुमचे धर्मा नाखवा खाडीत मासेमारी करीत. दारू सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, शून्य ते दहामधला आकडा सांगा, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "तीन." मी शिक्षकी थाटात म्हणालो, "तीनच? आठ-नऊ का नाही?" झाले! खाडीतला गारठा, कंबरदुखी, भावकीतल्या बैठका अशी एकेक कारणे ते देऊ लागले आणि मी ती खोडू लागलो. शेवटी ते उठलेच. "मास्तर, सगला तुमालाच ठावं हाय, त मी कनाला बोलू?"

ताई दारापर्यंत गेल्या. "नाखवा, चूक आमची झाली. जरा बसता का? तुम्ही तीन म्हणालात. शून्य का नाही म्हणालात?"

नाखवा परत येऊन बसले. मग म्हणाले, "पोरगी. मी पिऊन आलो का ताट वाढते नि भायेर जाऊन बसते. माज्या तोंडाकडं बघत नाय."

"तिनं समोर बसावं असं वाटतं."

"वाटतं ना ताई."

नाखवांची दारू त्या दिवशी सुटली नाही. दोन वर्षे लागली, मध्ये दोनदा पुन्हा सुरूही झाली. दोन्ही वेळा ताई एवढेच म्हणाल्या, "आलात, बरं झालं." मला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी सुनावले, "मास्तर, आज तुम्ही त्यांच्याकडून दारूची वकिली करून घेतलीत." आलेल्या माणसासाठी असलेला धीर आम्हा सहकाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येई, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

गेल्या वर्षी विमल गेली. माझ्या मधुमेहाच्या गोळ्या तीच आठवडाभराच्या काढून ठेवीत असे. सकाळच्या निळ्या झाकणाच्या डबीत, रात्रीच्या पांढऱ्या. ती गेल्यावर मी गोळ्या घेणे थांबविले. तसे ठरविले नव्हते. घेतल्या नाहीत इतकेच. पायाची जखम भरेना. डॉक्टर रागावले, मुलगी रडली. मी दोघांनाही होकार दिला आणि काहीही केले नाही.

मुलीकडून हे कळल्यावर एके दिवशी ताई दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढून आल्या. श्वास सावरल्यावर म्हणाल्या, "एक विचारू का?"

"ताई, ही पद्धत माझ्यावर नको. मला ती तोंडपाठ आहे."

"मग उत्तमच. समजावण्याचे माझे श्रम वाचले. गोळ्या पुन्हा सुरू करणं किती महत्त्वाचं वाटतं?"

"एक."

"शून्य का नाही?"

हा प्रश्न मी स्वतः अनेकांना विचारला होता. तो इतका जड असतो याची मला कल्पना नव्हती. मी म्हणालो, "डब्या अजून भरलेल्या आहेत. जाण्याच्या आदल्या रविवारी तिनं भरल्या होत्या."

"टाकवत नाहीत."

"नाही."

ताईंनी मी केलेला बेचव चहा पूर्ण घेतला आणि त्या निघाल्या. गोळ्या घ्या, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळे झाकण उघडले.

तिने भरलेल्या गोळ्या आठवड्यात संपल्या. आता दर रविवारी डब्या मीच भरतो. कंटाळा येतो, तरी भरतो. जखम सुकत आली आहे. ताई महिन्यातून एकदा येऊन आकडा विचारतात. मागच्या खेपेस मी "चार" म्हणालो. "तीन का नाही?" असे त्यांनी विचारताच म्हणालो, "तुमच्यावरचा लेख लिहायचा राहिला आहे." त्या मोठ्याने हसल्या.

तो लेख आता लिहून झाला. पुढच्या खेपेस मला दुसरे कारण शोधावे लागेल, आणि ते ऐकून घेण्यासाठी शरयूताई हव्यात. त्यांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो. विशेषतः त्यांचे गुडघे शाबूत राहोत. माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे.