मांडव घोडीपाशी आला

"नवरदेवाला खाली उतरवा!" मी तिसऱ्यांदा ओरडले. बँड थांबला, पण नवरदेव काही उतरेना.

मानोऱ्याजवळचं गाव. संक्रांत उलटली तरी थंडी हटायला तयार नव्हती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि रस्त्याच्या मधोमध उभी असलेली पांढरी घोडी, राणी, घामानं निथळत होती. मागचे पाय ताठ, कंबर थरथरतेय. मी सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. घोडीचे मालक गफूरभाई यांचा फोन आला, तशी हातातला चहा ठेवून निघाले होते.

"म्याडम, जिद्द करून राह्यली बगा," गफूरभाई म्हणाले. "आताच मस्त नाचली, आन् आता पाऊल उचलत नाही."

मी तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. नुसता दगड. तेवढ्यात ती कण्हत मुतली. रंग कोऱ्या चहासारखा.

"इतके दिवस हिला काय खाऊ घातलं?"

"लग्नं नव्हती ना, खुंट्यावरच होती. पन उपाशी नाही ठेवली. रोज पोटभर भिजवलेला हरभरा. लाडाची हाय."

"आणि आज नाचवण्याआधी चालवली किती?"

"टाईम कुठं होता? टेम्पोतून उतरवली, झूल टाकली, नवरदेव बसवला."

झालं! लाडच अंगाशी आला. याला आम्ही टाइंग-अप म्हणतो. घोडं बसून राहतं, दाणा मात्र कामाच्या दिवसाइतका खातं. मग एक दिवस थंडीत, अंग न तापवता एकदम नाचवलं की पाठीचे अन् पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, फुटतात. त्यांचाच रंग लघवीत उतरतो. त्यानं किडनी बंद पडू शकते. चालवलं तर अजून फुटतात.

"एक पाऊलही चालवायची नाही," मी म्हटलं. "आणि वरचं ओझं आधी काढा."

ओझं म्हणजे नवरदेव. त्याचे मामा लगाम धरून पुढे झाले. "म्याडम, आमच्यात नवरदेव घोडीवर बसला का मांडवातच उतरते. मधात पाय टेकला तं अपशकुन. मांडव हा दिसून राह्यला. नेतो ना हळूहळू."

"न्या! घोडी खाली बसली की तुमचा भाचा तिच्याखाली. तो शकुन चांगला का?"

"शुभ कामात असं बोलता?"

"बोलणारच! जनावर मरतंय इथं!"

मामांनी ऐकलं नाही. लगाम ओढला. राणीचा मागचा पाय घसरला, ती अर्धी खचली. नवरदेवानं आयाळ घट्ट धरली, बायका किंचाळल्या. गफूरभाईंनी तिच्या मानेला छाती लावून तिला कसंबसं सावरलं. "बेटा, उभी राय. उभी राय." त्यांना रडूच फुटलं.

मांडवाकडून एक बाई ओवाळणीचं ताट घेऊन तरातरा आल्या. नवरीची आई.

"नवरदेव मांडवातच उतरते ना, मामा? मंग मांडव इथं आना! काहून त्या मुक्या जीवाले ओढून राह्यले?"

मामांनी लगाम सोडला. दारापुढच्या मांडवाचं एक कापड चौघांनी सोडून आणलं, चार बांबूंवर घोडीच्या डोक्यावर धरलं. बाईंनी आधी घोडीला ओवाळलं, मग जावयाला. नवरदेव गपचूप उतरला.

मग माझं काम सुरू झालं. पेनकिलर दिलं, सलाईन लावलं. वाऱ्याला आडोसा म्हणून कनात उभी केली. मामांनी स्वतः मांडवातला डीजे बंद करवला आणि आपल्या मानाची शाल राणीच्या पाठीवर घातली, माझ्याकडे न बघता. उरल्या मांडवात लग्न लागलं. मंगलाष्टकं मी सलाईनची बाटली धरून ऐकली.

दुपार कलता कलता लघवी स्वच्छ आली. लघवी पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. राणी वाचली, तिचा सीझन मात्र गेला.

खुंट्यावरच्या घोड्याचा दाणा कमी करा, थंडीत आधी मोकळं चालवा, थांबलं की पाठ झाका. सांगून सांगून माझा घसा बसतो, ऐकणारा ऐकतोच असं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याच बाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, मलाही आग्रहाचं बोलावणं. गावाच्या वेशीवर गफूरभाई राणीला घेऊन उभे. नवरदेवानं रिकिबीत पाय घातला, तशा बाई आडव्या आल्या.

"थांबा जावईबापू! आधी घोडीले मोकळी फिरवू द्या, मंग बसा. नाही तं मले पुन्हा मांडव उचला लागन."