काकवी लावलेली पेंड

माझं काम लोकांना नाही म्हणण्याचं आहे. कोल्हापूरजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. मका, सरकी पेंड, शेंगपेंड, भाताचा कोंडा घेऊन ट्रक दारात उभे राहतात आणि मी पोत्यात पोकळ सळी खुपसून नमुना काढते. ओलावा मोजते, वास घेते, मग नमुना दळून, त्याचं पाणी करून चाचणीच्या पट्टीवर सोडते. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माल आत. एकच उमटली तर मालात बुरशीचं विष आहे, ट्रक आल्या वाटेनं परत. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. व्यापारी त्याला 'बाईचं खूळ' म्हणतात.

मी तापट आहे हे मला मान्य आहे. जनावरांचं खाणं म्हणजे माणसांना नको झालेला माल, अशी लोकांची पक्की समजूत असते आणि तिथंच माझं डोकं फिरतं. किडका मका, कुबट पेंड, भिजलेला कोंडा, सगळ्यांचं शेवटचं ठिकाण म्हणजे म्हशीचं घमेलं. अहो, पण म्हैस ते पोटात ठेवून बसत नाही ना. जनावरानं आज खाल्लेलं उद्या दुधात उतरतं आणि परवा कुणाच्या तरी घशाखाली जातं. हे मी इतक्या जणांना, इतक्या मोठ्यानं सांगितलं आहे की कारखान्यात मला बघून ड्रायव्हर विडी विझवतात.

आणि घरी? घरी दिव्याखाली अंधार होता.

मी आईवडिलांकडेच राहते. का, ती वेगळी गोष्ट आहे. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, चार म्हशी आहेत. घरामागं गोठा आणि पेठेतल्या दुधाच्या कट्ट्यावर ठरलेली जागा. बाहेरच्यांना हा कट्टा सांगावा लागतो. सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन तिथं येतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात. पेला थेट सडाखाली धरायचा, फेसाळलेलं कोमट दूध तिथंच उभ्या उभ्या प्यायचं, मिशा पुसायच्या आणि कामाला लागायचं. आप्पा चाळीसेक वर्षं तिथं उभे आहेत. "डोळ्यादेखत काढल्यालं हाय, त्यात खोट कुठनं येनार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही ते पटायचं. धार आम्ही सगळे बघत होतो. म्हशीच्या तोंडात काय गेलं ते कट्ट्यावर कुणीच बघत नव्हतं, आणि मीही बघितलं नव्हतं.

त्या वर्षी पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं. म्हशी वेळेवर उंचावर हलवल्या, पण पेंडीची पोती गोठ्याच्या खोलीत राहिली. पाणी उतरलं तेव्हा खालची थप्पी भिजून फुगली होती. आप्पांनी ती फोडली, पेंड गच्चीवर पसरली आणि जसं ऊन पडेल तसं चार-पाच दिवस खालीवर करून खडखडीत वाळवली. वैरण सगळी कुजलेली, उसाचं वाडं चिखलात, बाजारात पेंडीचं पोतं दिसायला तयार नाही. जनावरांना घालायचं काय? मी तेव्हा कारखान्यात होते. आमचं गोदाम वाचवायच्या धावपळीत आठ दिवस घरी फक्त झोपायला येत होते. गच्चीवर पेंड वाळत होती हे मला माहीत होतं. मी तिच्याशेजारच्या दोरीवर माझे कपडे वाळत घातले होते.

दोनेक आठवड्यांनी एका सकाळी चहा घेताना आई हसत म्हणाली, "तुझ्या आप्पांनी म्हशीला पार लाडावून ठेवलंय. म्हातारी घमेल्याला तोंड लावंना. नाकानं ढकलून देतीया. मग ह्यांनी काय केलं? काकवी वतली त्यावर. आता घमेलं चाटून पुसून ठेवतीया."

काकवी म्हणजे उसाच्या रसाचा, गूळ होण्याआधीचा पाक. आमच्याकडे ती भाकरीबरोबर खातात. म्हशीच्या नखऱ्यावर मीही हसले, चहा संपवला आणि कामाला गेले. ते हसू मला अजून छळतं.

त्यानंतर चार दिवसांनी मी एका व्यापाऱ्याचा मक्याचा ट्रक परत पाठवला. पट्टीवर एकच रेघ होती. तो हुज्जत घालायला आत आला. आधी म्हणाला वाळवलाय, मग म्हणाला चाळलाय, आणि शेवटी आवाज खाली आणून समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, उगा कशाला तानताय? उसाची मळी मारा की वरनं. ग्वाड लागलं की जनावर मुकाट्यानं खातंय."

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तो गेल्यावर मी हातातली सळी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. गोड लागलं की मुकाट्यानं खातं. मला आईचं हसणं आठवलं, नाकानं घमेलं ढकलणारी म्हातारी म्हैस आठवली.

संध्याकाळी घरी येऊन मी थेट पेंडीच्या खोलीत शिरले. पोत्याच्या वरच्या थरातली पेंड छान सुकी होती. आत हात घातला तर मध्ये गोळे लागले. एक फोडला. आत हिरवट-पिवळी भुकटी होती. चाचणीचं किट मी पिशवीतून आणलं होतं. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये पेंड दळताना आई कुरकुरली. आप्पा दारात येऊन उभे राहिले. पट्टीवर एक रेघ आली. आम्ही तिघं दुसरीची वाट बघत थांबलो. ती आली नाही.

"उनात वाळवल्याली पेंड हाय ती," आप्पा म्हणाले. "खडखडीत. मी सोता चावून बघितली."

"बुरशी वाळते आप्पा, विष वाळत नाही. उन्हानं जात नाही, उकळून जात नाही. पेंडीतनं दुधात उतरतं."

"मग म्हशी का पडल्या न्हाईत आजारी? दूध तर रोज देत्यात."

"एका घमेल्यानं म्हैस पडत नाही आणि एका पेल्यानं माणूस पडत नाही. अपाय साठत जातो. लहान पोरांना जास्त बाधतं."

ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. त्यांच्या चाळीस वर्षांपुढं माझी बोटभर पट्टी काय टिकणार? मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची म्हैस नको म्हणाली होती, आप्पा. तुम्ही तिला काकवी लावून फसवलंत."

आप्पा गोठ्यात गेले आणि म्हातारीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटतं, पट्टीनं नाही, त्या वाक्यानं त्यांना पटलं. कुणाला तरी इतकं लागेल असं बोलल्याची मला लाज वाटली, आणि बोलले ते खरं होतं म्हणून ती लाज जास्तच टोचली.

आता उद्याच्या धारेचं काय, हा प्रश्न होता. पेंड बदलली की दूध स्वच्छ व्हायला चार-पाच दिवस लागतात, मी आठ धरले. कारखान्यातून तपासलेलं खाद्य आणायची सोय मी करणार होते. पण आठ दिवस कट्ट्यावर काय सांगायचं? चाळीस वर्षांत आप्पांचा शब्द कुणी तपासून घेतला नव्हता. तो शब्द जाणार हे मला दिसत होतं, आणि बापावरची माया आड आली. मीच म्हटलं, "म्हशी आजारी आहेत म्हणून सांगा. दूध गल्लीतल्या संकलन केंद्रावर घालू. तिथं शंभर घरांचं एकत्र होतं, कळणारही नाही."

ट्रक परत पाठवणारी बाई मी. हे वाक्य माझंच आहे.

आप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "आनी तिथनं कोन पितंय? म्हशी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी चारी म्हशींची धार काढली आणि दुधाची भरलेली कळशी आईनं मागच्या खड्ड्यात ओतली. दूध उतू गेलं तरी जिवाला लावून घेणारी ती बाई. ओतताना पदर तोंडाला लावला होता. मग आप्पा रिकाम्या हातानं कट्ट्यावर निघाले. मी बरोबर गेले, कारण त्यांनी सांगितलं, "इचारलं तर मला सांगता येनार न्हाय. तू ये."

ते आपल्या जागेवर, म्हशींविना, उभे राहिले. गिऱ्हाइकं जमली तसं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "माझं दूध आठ दिस न्हाय. पुरात भिजल्याली पेंड घातली जनावरास्नी. माझी चूक हाय." आजूबाजूचे गवळी धार थांबवून बघायला लागले. एक जण हसला, "एवढ्यानं काय हुतंय वो? आमी काय मेलो न्हाय." दुसरा म्हणाला, "उकळून पिऊ की." मी पुन्हा सगळं सांगितलं. दोघे-तिघे खांदे उडवून शेजारच्या म्हशीकडे वळले. शेजारच्या म्हशीनं काय खाल्लं होतं ते मला माहीत नव्हतं. तेही बोलावंसं वाटलं, पण आप्पांनी माझा दंड धरला.

एक बाई मागं थांबली होती. ती चार-पाच वर्षांच्या लेकीला रोज घेऊन यायची. मुलगी मोठ्या आजारातून उठली होती, घरचं दूध तिला जात नव्हतं, पण इथं फेसाची मिशी यावी म्हणून पेला संपवायची.

"किती दिस झालं ही पेंड?" बाईनं विचारलं.

मला वाटलं आप्पा थोडे कमी सांगतील. माणूस सांगतोच. "पूर उतरल्यापासनं. तीन आठवडं."

"रोज पिलीया ही."

"व्हय," आप्पा म्हणाले. "मीच दिलंय."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मुलीच्या हातातला पेला काढून घेतला आणि ती गेली. मी मागं जाऊन डॉक्टरांना काय सांगायचं ते तिला कागदावर लिहून दिलं. घरी आल्यावर आप्पा जेवले नाहीत.

आठ दिवसांनी, दुधाची चाचणी करून, दोन रेघा बघून, आम्ही म्हशी पुन्हा कट्ट्यावर नेल्या. जुनी गिऱ्हाइकं बरीचशी आली. जणू काही झालंच नव्हतं, असं बोलत राहिली. आणि मग ती बाई आली, लेकीचं बोट धरून. डॉक्टरांनी तपासलं होतं, मुलगी ठीक होती. मुलीनं म्हशीखाली पेला धरला. बाईनं तिचा हात मागं घेतला.

"आज काय घातलंय म्हशीला?"

चाळीस वर्षांत त्या कट्ट्यावर हा प्रश्न कुणी विचारला नसेल. आप्पांनी गुडघ्यांत बादली धरून, बसल्या बसल्या सगळं सांगितलं. खाद्य कुठलं, वैरण कुठली, कधी घातली. सावकाश, काही न गाळता. बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी सांगा. देऊ काय?"

आयुष्यभर मला हेच हवं होतं की लोकांनी असं विचारावं. आता विचारलं तेव्हा माझे वडील खाली बसून ऐकत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. "द्या," मी म्हटलं.

तेव्हा कुठं तिनं मुलीचा हात सोडला, आणि आप्पांनी धार काढली.