सरकीची दहावी पाटी

बाबाराव आमच्या ढाणकीच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, चौकीदार होता आणि मी तिथला फिटर. २००६ च्या त्या हंगामात कापसाच्या गाड्या इतक्या कमी यायच्या की भरदुपारीही आवार ओसाड पडलेलं असायचं. काम नसलं की माणूस जास्त थकतो, हे मी त्या वर्षी पाहिलं.

सरकी ही जिनिंगची कुत्री. बाबारावानंच तिला पिल्लापासून वाढवलं आणि एकच विद्या शिकवली: कापसाजवळ कोणी बिडी पेटवली की भुंकत आडवं जायचं. एका दुपारी तिनं व्यापाऱ्याच्या माणसाची पोटरीच फोडली. मॅनेजर घनश्यामजी म्हणाले, कुत्री शहाणी असल्याचा कागद आणा, नाहीतर तिला जंगलात सोडून या. माझ्या शहाणपणाचा कागद कोणी मागितला नाही म्हणून मी वाचलो.

उमरखेडला जनावरांच्या डॉक्टर भैरवी मॅडम कुत्र्यांचा एक खेळ घेत, रॅली ओबीडिअन्स नावाचा. मैदानात नंबर घातलेल्या पाट्या असतात. कुत्र्याला डाव्या हाताला घेऊन एकेका पाटीशी जायचं आणि तिथं लिहिलंय ते करायचं: वळा, बसवा, गोल फिरा. साखळी ढिली हवी. तोंडानं कितीही बोललं तरी चालतं. पास होणाऱ्याला मॅडम कागद देत.

खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर मी पाट्या रंगवून दिल्या. बाबाराव महिनाभर ड्युटी संपल्यावर सुजल्या पायांनी त्या रिकाम्या आवारात फिरला. सुरुवातीला सवयीनं साखळी ओढायचा, मग हात सैल सोडायला शिकला. "चाल बाई, बस बाई," असं सारखं चालू असायचं. बायकोशी, जयाबाईशी, एवढं बोलला असता तर तिनं त्याला ओवाळलं असतं. नऊ पाट्या जमल्या. दहावी काही जमेना. तिथं कुत्र्याला बसवून आपण एकट्यानं पुढे निघून जायचं होतं. हा दोन पावलं गेला की सरकी मागे हजर.

परीक्षेला मीही गेलो. सहा पाट्या सुरेख झाल्या. सातवीजवळ उभ्या असलेल्या परीक्षकांनी सिगारेट पेटवली आणि सरकी पाटी सोडून त्यांना आडवी जाऊन भुंकायला लागली. नापास झाली.

परतताना टेम्पोत बाबारावानं सरकीचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "त्या व्यापाऱ्याच्या मानसाले बिडी मीच देल्ली होती. पेटवूनबी मीच देल्ली. लय थकलो होतो, म्हटलं दोन झुरके मारू. सरकीनं आपलं काम केलं अन् मी गप बसून राह्यलो."

हे बोललास तर नोकरी जाईल, असं मी त्याला बजावलं. त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी घनश्यामजींपुढे उभं राहून सगळं सांगून टाकलं. कुत्री राहिली आणि चौकीदार गेला. बिडीच्या बाबतीत जिनिंगचा नियमच तसा होता. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

तिला घरी घेऊन जा, मी म्हटलं. तो म्हणाला, घरी आता दोघांचंच भागायचं नाही, इथं तिला भाकर तरी मिळेल.

फाटकाशी त्यानं साखळी सोडली आणि माझ्या हातात दिली. "बस बाई," एवढंच तिला म्हणाला. मला जय भीम करून तो चालायला लागला. ती धावेल म्हणून मी तिला धरायला वाकलो होतो, पण तिनं पाऊलही उचललं नाही. बाबाराव वळणापलीकडे दिसेनासा झाला, तरी सरकी बसूनच होती.