खजुरीतल्या पाटाचं दार

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी मी अण्णांचा व्हिसा वाढवायचे कागद भरायला बसले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आई गेल्यावर त्यांना इकडे आखातात, गुदैबियातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं, त्याला अडीच महिने झाले होते. आता कायमचं इथेच ठेवायचं मी ठरवून टाकलं होतं. फक्त त्यांची सही राहिली होती, आणि ती ते काही न विचारता करतील हे मला माहीत होतं. इथे आल्यापासून ते कशालाच नाही म्हणत नव्हते. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे.

सही संध्याकाळी घेऊ म्हणून कागद पर्समध्ये टाकले आणि त्यांना झल्लाकच्या रस्त्याला एका बागेतला जुना पाट दाखवायला नेलं. झऱ्याचं पाणी खजुरीला वाटून देणारा दगडी पाट, आणि त्याला फळ्या टाकून बंद करायची दारं. झरा कधीच आटला. आता लोकांना बघायला शुक्रवारच्या सुट्टीला पंपानं पाणी सोडतात. अण्णा तीस वर्षं नगरकडे कालव्यावर पाणी वाटून देणारे पाटकरी होते. म्हटलं, तेवढाच बदल.

हवेत बारीक धूळ होती. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. अण्णा गाडीत शेजारी डोळे मिटून बसले होते.

बागेत आम्ही दोघं आणि एक केरळी राखणदार, एवढेच. मी बाकावर टेकले. झावळ्यांच्या सावल्या पाण्यावर हलत होत्या, आवाज एकसारखा, आणि माझेही डोळे मिटले. मी आठ वर्षांची, अण्णांच्या सायकलच्या दांडीवर, कोरड्या कालव्याच्या भरावावरून. पाणी सुटलं की आधी बगळे दिसायचे. मग पाचोळा, फेस, एखादी वाहून आलेली चप्पल. त्याच्या मागून पाणी, सावकाश, पायी चालत आल्यासारखं. अण्णा सायकलवरून उतरायचे आणि आम्ही त्याच्या बरोबरीनं चालायचो.

"बाबाजी, हाथ मत लगाओ!"

मी दचकून उठले. अण्णा पाटात उतरले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, आणि फळीच्या फटीत खजुरीचा काथ्या नि चिखल दाबणं चाललं होतं.

"टूरिस्ट के लिए है, बाबाजी!" राखणदार म्हणाला.

"टूरिस्ट को गळका दार दिखाता है? लाज नहीं आती?"

राखणदार हसायला लागला. अण्णांनी दुसरी मूठ दाबली. "पानी किसके खेत में जाता है?"

"कहीं नहीं. नीचे टंकी, फिर पंप, फिर इधर."

"और पानी का नंबर किसका?"

"नंबर मफी, बाबाजी, कोई नंबर नहीं. पंप का पानी है."

गळती थांबली होती. अण्णा फळीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्याकडं उन्हाळी आवर्तन सुटंल आता. टेलच्या, पार शेवटाच्या लोकांला कोण पाणी देतंय? नवा पाटकरी सहाव्या चारीच्या पुढं जातच नाही. मागल्या साली मीच गेलो त्याच्यासंगं."

"तुम्ही रिटायर झालात, अण्णा."

"मी झालो. टेलची माणसं थोडीच झाली?"

अडीच महिन्यांत ते एवढं पहिल्यांदाच बोलले. लगेच म्हणाले, "पण तू म्हणशील तसं."

मी कागद काढले असते तर त्यांनी तिथेच, चिखलाच्या हातानं सही केली असती. पर्स मांडीवरच होती. मी म्हटलं, "आधी हात धुवा."

परतताना ते जागे होते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात बगळे उभे होते.

"पाणी येतंय," अण्णा म्हणाले. भरतीची वेळ होती, खरंच येत होतं. मी गाडी कडेला घेतली आणि पाणी दगडांपर्यंत पोचेस्तोवर आम्ही बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पायजमा साबणात भिजत घातला आणि लॅपटॉप उघडला. "अण्णा, पाच मार्चचं मुंबईचं विमान आहे. काढू तिकीट?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "चार तारखेचं बघ."

मी चारचं काढलं.