टेंभेवाल्याचे तीन दिवस

देवरामने बावीस वर्षं देवीला पाठ दाखवली नाही. तो देवीच्या पुढे चालायचा, पण चालायचा उलटा.

पोशेरा गावच्या बोहाड्यात, म्हणजे होळीनंतरच्या उत्सवात, देवांची सोंगं निघतात. लाकडी मुखवटे बांधून एकेक देव संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत गावातून जातो. मुखवटा ज्या घरचा, त्या घरच्या पुरुषानेच तो नाचवायचा. देवरामच्या घरी देवीचा मुखवटा होता. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता निघणारं ते मानाचं सोंग. थोरला भाऊ धोंडी ते असा नाचवायचा की म्हाताऱ्या बाया पदर पसरून उभ्या राहत. पण मुखवट्याच्या डोळ्यांना भोकं तांदळाचा दाणा अडकेल एवढी. धोंडीला दिसे तो फक्त समोरच्या टेंभ्याचा जाळ. टेंभा धरून देवराम त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकायचा आणि हळूच सांगत राहायचा, "ये दादा, ये. डावीकडं दगड हाये. पाय उचल. ये."

ज्यांनी जुन्या नाटक कंपन्या पाहिल्या त्यांना विंगेतला प्रॉम्प्टर आठवेल. साऱ्यांची भाषणं त्याला पाठ, पण टाळी एकाही वाक्याला नाही. देवराम तसाच होता. मोखाड्याच्या कचेरीत टपालाच्या टेबलावर शेहेचाळिशी गाठलेला, मान खाली घालून काम करणारा माणूस.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात धोंडी तापाने गेला. मागे तीन मुली. देवरामलाही मुलगा नव्हता. पुढच्या होळीनंतर पंच बसले.

"देवीचं सोंग घरात बसून राहायचं नाय," म्हातारे पंच म्हणाले. "तू नाचवतोस, का तुकाच्या घरी देऊ?"

तुका खालच्या पाड्यावरचा चुलतभाऊ. त्याच्या पाठीवर तीन भाऊ. एकदा दुसऱ्या घरी गेलेला मुखवटा परत येत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मीच नाचवीन," देवराम म्हणाला.

घरी येऊन त्याने दार लावलं, मुखवटा चढवला. अख्खा नाच त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख होता. त्याने पाऊल उचललं आणि ते मागे पडलं. दुसरं उचललं, तेही मागे. तिसऱ्याला तो उखळावर आदळून बसला.

बायको सुकी चुलीपाशी भाकरी थापत होती. "देवी अंगणात जायाची सोडून चुलीकडं कुठं निघाली?"

"हसू नको."

"मी कुठं हसते? भाकरीला जागा ठेव म्हणते."

आठ दिवस हेच. गावात कुणाला शिकव म्हणावं तर जमत नाही हे कबूल करावं लागलं असतं. अशात कचेरीत कुणीतरी वडापाव बांधून आणलेल्या कागदावर एक जाहिरात दिसली. नाशिकला तीन दिवसांत साल्सा शिका. वयाची अट नाही. पाय आपोआप पडतील. साल्सा म्हणजे काय हे देवरामला माहीत नव्हतं. नाच म्हणजे नाच, त्याला वाटलं. त्याला हवं ते शेवटच्या वाक्यात होतं. डोळे तपासायला जातो असं घरी आणि कचेरीत सांगून त्याने तीन दिवसांची रजा टाकली आणि एकटाच तोरंगणचा घाट चढून नाशिकला गेला. पंचवटीच्या धर्मशाळेत खोली घेतली.

शिकवणीचा हॉल एका मिठाईच्या दुकानावर होता. भिंतभर आरसे. कॉलेजातली पोरं-पोरी, एक डॉक्टर जोडपं आणि पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावलेला देवराम. शिकवणारी जयश्री तिशीची, बोलायला मोकळी.

"या काका! एकटेच? काकूंना नाही आणलंत?"

"ती भाकरी करते," देवराम म्हणाला. सगळे हसले. काय चुकलं ते त्याला कळलं नाही.

जयश्रीने पावलं दाखवली. एक-दोन-तीनला पुरुष पुढे, बाई मागे. पाच-सहा-सातला पुरुष मागे, बाई पुढे. देवरामच्या वाट्याला एक कॉलेजकन्या आली. संगीत लागलं. एक म्हणताच ती मागे गेली आणि देवरामही मागे गेला. तीनपर्यंत दोघांच्या मधून बैलगाडी गेली असती.

"काका, भांडण झालं का?" कुणीतरी ओरडलं.

"पुढे, काका, पुढे!" जयश्रीने पाठीला हात लावून ढकललं. त्याने दात आवळून पाय पुढे नेला. समोर टेंभा दिसला, दादा दिसला, आणि पाय आपोआप मागे आला. जाहिरात खोटी नव्हती. पाय खरोखरच आपोआप पडत होते.

दुसरा दिवसही असाच गेला. धर्मशाळेच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, एक-दोन-तीन म्हणाला, आणि पाठीमागच्या खाटेवर बसता झाला.

तिसऱ्या दिवशी जयश्री म्हणाली, "काका, आज मी पुरुष. तुम्ही बाई व्हा."

पोरं खिदळली. पण एक म्हणताच ती पुढे आली आणि देवराम असा अलगद मागे सरकला की हसू थांबलं. पाचला ती मागे निघाली. तिच्या हातात त्याचा हात होता, डोळे त्याच्याकडे होते, ती मागे मागे जात होती. आणि देवरामचा पाय पुढे पडला. मग दुसरा. मग तिसरा. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आयुष्यातली पहिली टाळी, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो आपल्या पायांकडे बघत होता.

"काका, रडताय का? अहो, जमलं की!"

"पुढं कुणी असलं तर जमतं," देवराम म्हणाला. "माझ्या पुढं कुणी नाय, बाई."

घरी आल्यावर त्याने सुकीला सगळं सांगितलं.

"डोळे तपासलेस ना?" ती म्हणाली. "मग इतके दिवस मी कशी दिसले नाय तुला?"

तिने कोपऱ्यातला विझलेला टेंभा उचलला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. देवरामने मुखवटा चढवला. भोकांतून तिचं लुगडं तेवढं दिसत होतं. ती मागे सरकू लागली. "ये," ती म्हणाली, "उखळ हाये उजवीकडं. ये." देवी उंबऱ्यापर्यंत नाचत गेली.

दुसऱ्या दिवशी तो पंचांकडे गेला. टेंभा सुकी धरेल, म्हणाला.

"बाईच्या हाती देवीचा टेंभा?" म्हातारे पंच रागावले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या हातात असतं तर दिला असता, बाबा. पण घरच्या पुरुषानंच धरायचा. तुझ्या घरात दुसरा पुरुष कुठाय?"

देवरामने पायांत वहाणा घातल्या. घरी येऊन मुखवटा धुतल्या धोतरात गुंडाळला आणि भर उन्हात खालच्या पाड्यावर निघाला. सुकी दारात उभी होती. तिने चुलीकडे जायचं निमित्त केलं.

तुकाने मुखवटा डोक्याला लावून घेतला. अंगणात तालीम सुरू झाली. तुका देवी झाला, त्याचा धाकटा भाऊ टेंभा घेऊन पुढे चालू लागला. तो सरळ चालत होता, तोंड वेशीकडे करून. तुका दोन पावलांतच चाचपडला.

"पाठ नको दाखवू तिला!" देवराम ओरडला. आपण ओरडलो याचंच त्याला नवल वाटलं.

"मग कसं? तूच दाखव," तुकाचा आवाज मुखवट्याआडून आला.

देवरामने टेंभा घेतला. देवीकडे तोंड करून उभा राहिला. तोच मुखवटा, तोच लाल रंग, गालावरचा तोच टवका. तो मागे सरकला आणि तोंडातून शब्द निघून गेले, "ये दादा, ये. पाय उचल."

देवी पुढे आली. त्याची नजर खाली गेली. मुखवट्याखाली तुकाची रुंद पावलं होती. तरी तो थांबला नाही. अंगण संपलं, कुडाच्या काठ्या पाठीला लागल्या. मग त्याने टेंभा तुकाच्या भावाच्या हातात दिला, त्याला धरून देवीसमोर उभं केलं आणि आपण बाजूला झाला.

"असाच मागं जा," तो म्हणाला. "बोलत राहा. तिला काय दिसत नसतं."