बाराव्या खोक्यातलं पान

माझी बायको म्हणते, मला आरशातल्या माणसाचाही संशय येतो. येऊ दे. विद्यापीठाच्या हस्तलिखित कक्षात बावीस वर्षं राखण केली ती याच स्वभावाच्या जोरावर. विद्वान माणसांनी कोटाच्या अस्तरात पानं दडवलेली मी पाहिली आहेत.

त्यामुळे टपालवाल्या बाई पहिल्या दिवशी आल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वय पन्नाशीच्या पुढे. पहाटेपासून दुपारपर्यंत टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी, नंतर आमच्याकडे प्राचीन भाषांच्या एम.ए.चा अभ्यास. या वयात, या पगारात कुणाला मेलेली भाषा शिकायचा उमाळा येतो? एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, पण उघडून वाचायची बंदी. इथे वाचली तर कुणी रागवत नाही. त्यांच्या प्रबंधाचा विषयही तसाच होता, एका आईनं परदेशी गेलेल्या मुलाला लिहिलेली हजार वर्षांपूर्वीची पत्रं. उत्तर मला जरा जास्तच गोड वाटलं.

ही पत्रं म्हणजे सुटी पानं, पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेली. बाई ती वाचण्याआधी उजेडाकडे धरून बघत, कडा चाचपत. वहीत फारसं लिहीत नसत. मी त्यांच्या बोटांवरची नजर हलवली नाही. दोनदा त्या माझ्या टेबलाशी येऊन काही बोलू लागल्या, तर मी ओठांवर बोट ठेवलं. कक्षात बोलायचं नाही, नियम म्हणजे नियम.

महिनाअखेरच्या मोजणीत बाराव्या खोक्यात एक पान कमी भरलं, आणि मी मोजणी तिथेच थांबवली. ते खोकं महिनाभरात बाईंशिवाय कुणी मागितलंच नव्हतं. मला वाईट वाटलं असं म्हणालो तर खोटं होईल; आपला अंदाज खरा ठरल्याचं समाधान वाटलं. मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं आणि बाईंचा पास रद्द झाला. त्या दाराशी आल्या, कारण विचारलं. मी म्हणालो, चौकशीत कळेल. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. मूळ पानं पाहिल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता, आणि मुदतवाढ त्यांची एकदा घेऊन झाली होती. म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात. त्या जिना उतरल्या.

आठवड्यानं दुसऱ्या एका वाचकासाठी पंधरावं खोकं काढलं. मोजलं, तर एक पान जास्त. पुन्हा मोजलं. पानासोबत बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'हे पान चुकून बाराव्या खोक्यात गेले होते. किडीची भोकं इथल्या पानांशी जुळतात, म्हणून इथे ठेवले. कक्षाच्या साहेबांना दोनदा सांगायला गेले, त्यांनी गप्प बसायची खूण केली.'

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. चुकीच्या खोक्यात पडलेलं पत्र त्या बाईंच्या हातून तिथंच राहणं शक्य नव्हतं. आणि ते बाराव्या खोक्यात घातलं कुणी? गेल्या वर्षी झाडलोटीच्या वेळी पानं काढून खोकी मीच पुन्हा भरली होती, आणि नोंदवहीतले आकडेही त्यानंतरच लिहिले होते.

मी प्रमुखांकडे गेलो आणि पान सापडलं, एवढंच सांगितलं. ते हसले. "बरं झालं, बाईंना धाक बसला म्हणून कुणाकरवी तरी गुपचूप परत पोचवलं," म्हणाले. पासावर सही केली. चिठ्ठी माझ्या खिशात होती, ती खिशातच राहिली.

तसाच टपाल कार्यालयात गेलो. बाई उभ्यानं पत्रं खणांत टाकत होत्या. मी पास पुढे केला, चिठ्ठी दाखवली, माफी मागितली. माफी अगदी मनापासून होती. त्यांनी पास घेतला, उलटसुलट पाहिला.

"ही चिठ्ठी प्रमुखांनी वाचली?"

"नाही."

"मग पान कसं आलं, असं वाटतंय त्यांना?"

मी खाली पाहिलं. "तुम्ही घाबरून परत केलंत असं."

त्यांचा हात थांबला. चेहरा लालबुंद झाला, पण आवाज चढला नाही.

"मग हा चोराला माफी म्हणून दिलेला पास आहे. मला नको."

मी म्हणालो, बाई, आठच दिवस उरलेत.

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या. पास माझ्या हातात ठेवला आणि पुढचा गठ्ठा उचलला.